बर्फ वितळताना काय बदलते आणि काय तसेच राहते : मुलांना प्रयोगांतून शिकवण्याची रीत

‘बर्फ वितळला की काय होते?’ असे मुलांना विचारले की एका सुरात उत्तर येते, ‘पाणी होते.’ उत्तर बरोबर असते आणि पुष्कळदा धडाही तिथेच संपतो. त्याच मुलांना लगेच दुसरा प्रश्न विचारून पाहावा : शंभर ग्रॅम बर्फ वितळला तर पाणी किती ग्रॅम होईल? आता सूर फुटतात. बरीच मुले ‘कमी होईल’ म्हणतात, कारण टणक वस्तू जड आणि पातळ वस्तू हलकी, असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. काही मुले ‘जास्त होईल’ म्हणतात, कारण पाणी पसरते. ‘तेवढेच राहील’ असे म्हणणारी मुले थोडी असतात, आणि त्यांच्यापैकी काहींना कारण सांगता येत नाही.

वितळणे हा शब्द मुलांच्या ओळखीचा असतो; आकार, आकारमान, वस्तुमान, टणकपणा, तापमान हे सगळे त्या एका शब्दात त्यांनी एकत्र बांधून टाकलेले असते. ही गाठ सोडवणे हेच या विषयातले शिक्षकाचे किंवा पालकाचे मुख्य काम आहे, असे मला वाटते. त्यासाठी प्रत्येक गुणधर्म सुटा करावा, त्याबद्दल मुलाला अंदाज लिहायला लावावा आणि मगच मोजून पाहावे. पुढे दिलेला क्रम साधारण आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तो एका दिवसात उरकू नये. चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार-पाच बैठकींत तो नीट होतो.

सुरुवात शब्दांपासून

प्रयोगाचे साहित्य काढण्याआधी दहा मिनिटे भाषेवर खर्च करावीत. बोलताना आपण ‘बर्फ विरघळला’ असेही म्हणतो आणि ‘साखर पाण्यात वितळली’ असेही म्हणतो. मोठ्यांना त्याने अडत नाही, पण मुलांच्या डोक्यात त्यामुळे दोन वेगळ्या घटना एक होऊन बसतात. वितळण्यासाठी पदार्थाला फक्त उष्णता लागते, दुसऱ्या पदार्थाची गरज नसते. विरघळण्यासाठी मात्र दुसरा पदार्थ लागतो : साखर विरघळते ती पाण्यात, आणि त्या ग्लासात आता दोन पदार्थ असतात. हे शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवावे. एका कोरड्या वाटीत बर्फाचा खडा आणि दुसऱ्या कोरड्या वाटीत साखरेचे चार दाणे ठेवून अर्ध्या तासाने मुलांनाच विचारावे की कोणत्या वाटीत काय झाले, आणि साखरेचे काही व्हायचे असेल तर तिला कोण हवे.

मराठीने या बाबतीत आपल्याला दिलेली आणखी एक सोय वापरावी. पाणी गोठते, पण तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ थिजतात; बर्फ वितळतो, पण लोणी पाघळते. या शब्दांमागे खरे निरीक्षण आहे. बर्फाचा खडा शेवटपर्यंत टणक असतो आणि त्याच्या कडेने थेट पाणी सुटते. त्याची मऊ, लिबलिबीत अशी मधली स्थिती दिसत नाही. लोणी आधी मऊ होते, मग त्याच्या कडा ढासळतात, मग ते ओघळू लागते. बर्फ हा एकच शुद्ध पदार्थ असल्याने तो एका ठरावीक तापमानाला वितळतो. लोण्यात वेगवेगळे स्निग्ध घटक मिसळलेले असतात आणि त्यांतला प्रत्येक घटक आपापल्या तापमानाला वितळत असल्याने लोणी तापमानाच्या एका पट्ट्यात हळूहळू पातळ होते. मुलांना ही दोन क्रियापदे दोन स्वतंत्र घटनांसाठी वापरायला सांगितली की पुढे ‘द्रवणांक’ ही संज्ञा समजावणे फार सोपे जाते.

साहित्य आणि खबरदारी

शून्याखालचे आणि शंभरापर्यंतचे तापमान दाखवणारी प्रयोगशाळेतली तापमापी, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा, खुणा असलेले प्लॅस्टिकचे उभट भांडे, घट्ट बंद होणाऱ्या पारदर्शक पिशव्या, बर्फ, मेणाचे तुकडे आणि कोरडे फडके एवढे पुरते. ताप पाहण्याची तापमापी चालत नाही, कारण ती केवळ शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच आकडे दाखवते.

मेण वितळवण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावे. साधे मेण साधारण पन्नास ते पासष्ट अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, त्यामुळे गरम पाणी पुरेसे होते आणि मेण पेट घेण्याचा धोका राहत नाही. उरलेले मेण मोरीत ओतू नये, ते नळीत थिजून बसते.

पेटलेल्या मेणबत्तीपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा. मेणबत्तीत मेण वितळते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. हे सगळे एकाच वेळी चालू असते. मेणबत्ती लहान होत जाते हे पाहून ‘वितळल्यावर पदार्थ कमी होतो’ असा समज पक्का होतो, आणि तो काढायला नंतर दुप्पट वेळ लागतो. साखर तापवून दाखवणेही या टप्प्यावर नको. ती वितळता वितळता तपकिरी होऊ लागते, म्हणजे तिथे नवे पदार्थ तयार होतात आणि थंड केल्यावर पहिली साखर परत मिळत नाही.

पहिली बैठक : नुसते पाहणे

प्रत्येक मुलाला एका बशीत बर्फाचा एक खडा द्यावा आणि पाच मिनिटे काहीही न शिकवता पाहायला सांगावे. खडा बोटाने दाबून पाहावा, बशी तिरकी करून पाहावी, उजेडासमोर धरून पाहावा. थोड्या वेळाने खड्याचे कोपरे आधी गोल होतात, कारण कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी उष्णता मिळते. खडा मधोमध पांढुरका आणि कडेला काचेसारखा दिसतो. तो पांढुरका भाग म्हणजे गोठताना आत अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे असतात. खडा संपत आला की त्यातले बुडबुडे एकेक करून सुटताना दिसतात. मुले हे पाहताना अगदी गप्प होतात, आणि त्या शांततेत घाई करू नये.

त्यानंतर कागदावर दोन रकाने आखून द्यावेत : ‘बदलेल’ आणि ‘बदलणार नाही’. आकार, टणकपणा, वाहण्याचा गुण, रंग, वस्तुमान, आकारमान, तापमान, आणि ‘तो पदार्थ पाणीच आहे का’ हे आठ मुद्दे फळ्यावर लिहून प्रत्येक मुलाला आपला अंदाज त्या रकान्यांत मांडायला सांगावा. अंदाज चुकीचा असला तरी खोडू देऊ नये. हा कागद शेवटच्या बैठकीपर्यंत जपून ठेवायचा आहे.

दुसरी बैठक : वस्तुमान आणि आकारमान

घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत बर्फाचे खडे घालून, हवा काढून, पिशवी बंद करावी आणि काट्यावर ठेवून आकडा मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावा. बर्फ पूर्ण वितळला की पिशवी कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा मोजावी. आकडा तोच येतो.

‘पुसून’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे, आणि तो मी चुकून शिकलो. एका दमट दिवशी हा प्रयोग करताना मी पिशवी पुसायला विसरलो आणि दुसऱ्या वेळी काट्याने दोन ग्रॅम जास्त दाखवले. ‘वाढेल’ असा अंदाज लिहिलेली मुले आनंदाने ओरडली आणि मी काटा बिघडला असेल असे म्हणून वेळ मारून नेऊ लागलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीने पिशवीखाली काट्यावर साचलेला ओलसर डाग दाखवला. हवेतली बाष्प थंड पिशवीवर जमून पाण्याचे थेंब झाले होते. त्या दिवसापासून मी हा प्रयोग मुद्दाम दोनदा करतो, एकदा न पुसता आणि एकदा पुसून, आणि मधला फरक कुठून आला हे मुलांनाच शोधायला लावतो. पिशवी गळत नाही हे तपासण्यासाठी पाण्यात आधी थेंबभर खाण्याचा रंग घालून बर्फ केला तर बाहेरचे थेंब रंगहीन आहेत हे दिसते, आणि ते आतले पाणी नाही याचा पुरावा मुलांच्या हाती लागतो.

आकारमानासाठी तयारी आदल्या दिवशी करावी. उभट प्लॅस्टिकच्या भांड्यात शंभर मिलिलिटर पाणी ओतून, पाण्याच्या पातळीवर खूण करून ते झाकण न लावता शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. काचेची बाटली किंवा घट्ट झाकण असलेले भांडे वापरू नये, ते फुटते. दुसऱ्या दिवशी बर्फाची पातळी खुणेच्या वर, सुमारे १०९ मिलिलिटरपर्यंत गेलेली असते आणि मधे थोडा फुगवटाही दिसतो. मुलांसमोर तो वितळू द्यावा. पाणी पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन थांबते. वस्तुमान तेच राहिले आणि जागा कमी लागली, म्हणजे घनता वाढली. बर्फ पाण्यावर तरंगतो तो यामुळेच. बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम आणि पाण्याची जवळजवळ १ ग्रॅम असते.

इथे थांबले तर मात्र मुले ‘वितळल्यावर पदार्थ आकसतो’ असा नियम काढून मोकळी होतात, आणि तो नियम बहुतेक पदार्थांना लागू पडत नाही. म्हणून त्याच बैठकीत मेण दाखवावे. वितळलेले मेण एका वाटीत काठोकाठ ओतून थिजू द्यावे. थिजल्यावर मधोमध खळगा पडलेला दिसतो. वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा तुकडा टाकला तर तो तळाशी जातो. बर्फ आणि मेण शेजारी ठेवून पाहिले की वितळताना आकारमान बदलते हे दोन्हीकडे खरे, पण कोणत्या दिशेने बदलते हे पदार्थावर अवलंबून असते आणि या बाबतीत पाणी वेगळे वागते, हे मुलांना स्वतःला म्हणता येते.

तिसरी बैठक : न हलणारी तापमापी

संपूर्ण विषयाचा गाभा या बैठकीत आहे, त्यामुळे तिच्यासाठी पूर्ण वेळ राखून ठेवावा.

बर्फ फडक्यात गुंडाळून बारीक ठेचावा, भांड्यात घालून त्यात बुडण्यापुरते थंड पाणी ओतावे आणि दोन मिनिटे ढवळावे. मग तापमापी मधोमध धरून दर दोन मिनिटांनी एकाने आकडा वाचावा, दुसऱ्याने लिहावा आणि तिसऱ्याने सतत ढवळत राहावे. ढवळण्यात हयगय झाली की आकडे बिघडतात. मोठे खडे वर तरंगतात, त्यांच्याखाली थोडे कोमट पाणी तळाशी साचते आणि तापमापी तीन-चार अंश दाखवू लागते. याचे कारण असे की पाण्याची घनता सुमारे चार अंशांना सर्वांत जास्त असते, म्हणून ते पाणी खाली बसते.

ढवळणे नीट झाले तर आकडा शून्याच्या जवळ येतो आणि तिथेच राहतो. दोन मिनिटांनी शून्य, चार मिनिटांनी शून्य, सहा मिनिटांनीही शून्य. आता ते भांडे कोमट पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे आणि आकडा किती वाढेल याचा अंदाज विचारावा. बर्फ झपाट्याने वितळू लागतो, तरीही तापमापी शून्यापासून फारशी हलत नाही. ‘तापमापी बंद पडली’ असे कोणीतरी म्हणतेच. तेव्हा ती तापमापी काढून क्षणभर हातात धरायला द्यावी. पारा किंवा रंगीत द्रव वर चढतो, म्हणजे ती चालू आहे. पुन्हा बर्फात ठेवली की पुन्हा शून्य. शेवटचा बर्फाचा कण संपल्यावर मात्र तीन, सहा, दहा असे आकडे भराभर वाढू लागतात. हे आकडे आलेखकागदावर मांडले की आधी सपाट आणि मग चढती रेषा मिळते, आणि त्या सपाट भागाच्या उंचीला बर्फाचा द्रवणांक म्हणतात, ही व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

मग प्रश्न उभा करावा : कोमट पाण्याने उष्णता दिली, ती बर्फाने घेतली, तर ती गेली कुठे? उत्तर लगेच देऊ नये. त्याआधी एक जोडप्रयोग करावा. एका भांड्यात शून्य अंशाचे शंभर ग्रॅम पाणी घ्यावे; दुसऱ्या भांड्यात शंभर ग्रॅम बर्फ घ्यावा, पण तो बाहेर काढून पृष्ठभाग ओला होईपर्यंत ठेवलेला आणि मग पुसलेला असावा. दोन्हींत पन्नास अंशांचे शंभर-शंभर ग्रॅम पाणी मोठ्या माणसाने ओतावे आणि ढवळावे. पहिल्या भांड्यातले मिश्रण पंचवीस अंशांच्या आसपास येते. दुसऱ्या भांड्यातले शून्याजवळ उतरते, आणि तरीही त्यात बर्फ शिल्लक असतो. हिशेबाने सुमारे ३७ ग्रॅम, प्रत्यक्षात भांड्याच्या आणि हवेच्या उष्णतेमुळे त्याहून थोडा कमी. गरम पाण्यातली सगळी उष्णता फक्त बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली आणि तापमान वाढवायला काही उरलेच नाही.

मोठ्या मुलांना आकडा सांगावा : शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापवता येते. ही उष्णता तापमापीवर दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६१-६२ च्या सुमारास ही गोष्ट मोजून दाखवली. त्यांचा युक्तिवाद मुलांना सांगण्यासारखा आहे : बर्फाला वितळण्यासाठी फक्त शून्य अंश गाठणे पुरेसे असते, तर थंडी सरताच डोंगरांवरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन भयंकर पूर आले असते, प्रत्यक्षात तो कित्येक आठवडे हळूहळू वितळत राहतो.

चौथी बैठक : कणांचा खेळ

आता ‘का’ या प्रश्नाकडे वळावे. आधी कणांचे चित्र दाखवून मग प्रयोग केला तर मुले प्रयोग पाहत नाहीत, चित्र आठवतात. म्हणून हा भाग शेवटी ठेवावा.

मोकळ्या जागेत मुलांना रांगांमध्ये हात पसरून, शेजाऱ्यांचे हात धरून उभे करावे. प्रत्येक मूल म्हणजे पाण्याचा एक रेणू. जागेवरच थरथरायचे, जागा सोडायची नाही : हा बर्फ. शिक्षकाने ‘उष्णता’ असे म्हटले की थरथर वाढवायची. शून्य अंशाखालचा बर्फ तापतो तो असा. एका मर्यादेनंतर हात सुटू लागतात. एक हात सुटतो, दुसरा धरला जातो, मुले एकमेकांजवळून सरकू लागतात, पण गटाबाहेर कोणी जात नाही. हे पाणी. हात सोडवण्यासाठी लागलेली ताकद म्हणजेच मघाशी ‘हरवलेली’ उष्णता, हे इथे सांगावे. हात पसरून उभे असताना मधे रिकाम्या जागा होत्या आणि हात सुटल्यावर मुले जवळ आली, हेही दाखवावे. बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी खाली का आली याचे उत्तर त्यात मिळते. शेवटी मुले मोजावीत. जितकी बर्फात होती तितकीच पाण्यात आहेत, म्हणून काट्याचा आकडा बदलला नाही.

या खेळात दोन चुका नेहमी होतात. पाणी होताच मुले मैदानभर पळत सुटतात. ती वाफ झाली, तिला परत बोलवावे. द्रवातले कण स्थायूतल्यापेक्षा फार दूर नसतात, आणि चित्रांमध्ये ते अनेकदा अवास्तव सुटे काढलेले असतात. दुसरी चूक जास्त खोल आहे. काही मुले ‘कण मऊ झाले’ किंवा ‘कण वितळले’ असे म्हणतात. एका मुलाला मधे उभे करून विचारावे, ‘तू बर्फात असताना आणि पाण्यात असताना तुझ्यात काही बदलले का?’ तो नाही म्हणतो. बदलली ती मांडणी आणि हालचाल. टणकपणा आणि वाहणे हे समूहाचे गुण आहेत, एकट्या रेणूचे नव्हेत.

याच बैठकीत थोडा वेळ इतर पदार्थांसाठी ठेवावा, कारण वितळणे म्हणजे ‘गरम’ होणे असा समज उरलेला असतो. खोलीतले पाणी म्हणजे वितळलेला बर्फच आहे, असे म्हटले की मुले चमकतात. पारा उणे ३९ अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणून तो आपल्याला नेहमी द्रवरूपातच दिसतो. गॅलियम हा धातू ३० अंशांच्या किंचित खाली वितळत असल्याने तळहातावर पाणी होतो. शिसे सुमारे ३२७, सोने १०६४, लोखंड १५३८ आणि टंगस्टन ३४२२ अंशांना वितळते. प्रत्येक पदार्थाचे कण एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर हा आकडा ठरतो. काचेसारख्या पदार्थाला तर नेमका आकडाच नसतो. तो तापवला की मऊ होत जातो, म्हणजे मघाच्या शब्दांत सांगायचे तर काच पाघळते.

पहिल्या कागदाकडे परत

शेवटच्या बैठकीत पहिल्या दिवशीचे अंदाजाचे कागद परत द्यावेत आणि वेगळ्या रंगाच्या शाईने दुरुस्ती करायला सांगावी. प्रत्येक दुरुस्तीपुढे ती कशामुळे केली, कोणता आकडा किंवा कोणते दृश्य पाहून केली, हे एका वाक्यात लिहायला लावावे. ‘शिक्षकांनी सांगितले’ हे कारण म्हणून स्वीकारू नये. तापमानाच्या ओळीत मुले हमखास अडखळतात, कारण ‘बदलते’ आणि ‘बदलत नाही’ या दोन्ही रकान्यांत ते बसत नाही. वितळत असताना ते स्थिर राहते आणि वितळून झाल्यावर वाढते, हे त्यांना रकान्याबाहेर लिहू द्यावे.

मग न केलेल्या प्रयोगावर एक प्रश्न द्यावा : ग्लास पाण्याने काठोकाठ भरला आहे, त्यात बर्फाचा खडा तरंगतो आहे आणि त्याचे टोक पाण्याबाहेर आहे, खडा वितळल्यावर पाणी सांडेल का? खडा आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगतो आणि वितळल्यावर तेवढीच जागा भरतो, म्हणून पाणी सांडत नाही. उत्तर बरोबर आले की नाही यापेक्षा मुलाने वस्तुमान आणि आकारमान हे दोन शब्द वेगवेगळे वापरले का, हे तपासावे. दोन्हींची सरमिसळ दिसली तर पुसलेल्या पिशवीचा आणि खूण केलेल्या भांड्याचा प्रयोग शेजारी-शेजारी मांडून त्या मुलासोबत पुन्हा करावा, आणि या वेळी काट्यावरचा आकडाही त्यालाच वाचू द्यावा, भांड्यावरची खूणही त्यालाच करू द्यावी.